कुंकू लावलेलं मशीन

निकम सरांनी कराडच्या कॉलेजात उद्योजकतेचा तास सुरू केला, तेव्हा अठ्ठ्याहत्तर साल चालू होतं आणि वर्गात पोरं होती नऊ. विद्यापीठाने विषय नुकताच लावला होता. तो शिकवायचा कसा हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. सरांनी आपली साधी अट घातली. काहीतरी बनवा, ते कुणाला तरी हवंसं वाटलं पाहिजे, आणि तोंडी परीक्षेला ते टेबलावर आणून ठेवा.

जालिंदरने भुईमुगाच्या शेंगा फोडायचं हातमशीन बनवलं. त्यात त्याचा जीव अडकला होता, कारण वडील आप्पासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, त्यांनी साखर कारखान्यात त्याची नोकरी पक्की करून ठेवली होती. परीक्षेपर्यंत मशीनला गिऱ्हाईक मिळालं तर खुशाल वर्कशॉप काढ, नाहीतर एक जूनला कारखान्यात हजर हो, असा हुकूम होता.

पोरगं गावात घरोघर विचारत फिरलं. चाळीस घरांनी चहा पाजला आणि चाळीसही घरांनी मशीन घेऊ म्हणून सांगितलं. जालिंदर हवेत तरंगतच सरांकडे गेला. सर म्हणाले, नुसतं विचारू नकोस. मशीन एका घरी ठेव आणि आठ दिवस तिकडे फिरकू नकोस.

त्याने ते सायकलला बांधून अंबूबाईंकडे नेऊन ठेवलं. पेरणीचं बी फोडावं तर या बाईंनीच, असा त्यांचा गावात लौकिक. आठव्या दिवशी जाऊन बघतो, तर मशीनला हळदकुंकू लावलेलं, वर फुलं वाहिलेली, आणि शेजारी पाच बायका हाताने शेंगा फोडत बसलेल्या. जालिंदरचं तोंड उतरलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बाई खरं बोलल्या.

"दाणं फुटत्यात रं. फुटका दाणा मातीत घालून उगवंल व्हय? पर सुभेदाराच्या पोराला न्हाई कसं म्हणायचं?"

गावाने चाळीस वेळा मान दिला होता आणि या शहाण्याने तो मागणी म्हणून धरला होता. त्याला लाजही वाटली आणि हसूही आलं. कॉलेजात जाऊन त्याने आतल्या लोखंडी पट्ट्यांना जुन्या टायरचं रबर बसवलं, पट्ट्या आणि जाळी यांमधलं अंतर वाढवलं, आणि मशीन पुन्हा अंबूबाईंकडे पोचवलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आणायला गेला, तर बाई देईनात. उद्या टेबल रिकामं राहिलं तर सगळंच मुसळ केरात, म्हणून त्याने शेवटी वडिलांना पुढे घातलं. आप्पासाहेबांना गावात आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

अंबूबाई पदर सावरून उठल्या, पण मशीनसमोरून हलल्या नाहीत.

"आवं सुभेदार, रागावू नगा. सारी आळी नंबर लावून बसलीया. पेरणी झाल्याबिगर मशीन मिळायचं न्हाई."

आप्पासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. मग दोघे परत फिरले. वाटेत जालिंदरने रडवेल्या आवाजात विचारलं, उद्या सरांपुढे काय ठेवू?

"झालं त्येच सांग त्येंला," आप्पासाहेब म्हणाले. चार पावलं गेल्यावर ते थांबले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मला न्हाई म्हणाली, गड्या. कारखान्याला कळवतो, पोरगा येत न्हाई म्हणून."