आजऱ्याची पिकदाणी आणि आठ फ्रेंच बाटल्या

मित्रांनो, जगातल्या सगळ्या थोर संस्कृतींचा अर्क अखेर एकाच पात्रात उतरतो, आणि ते पात्र मी आहे. मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. लोक माझ्यात थुंकतात.

तांबटाने मला रुंद तोंड दिले, बारीक कंबर दिली आणि कुणाचा पाय लागला तरी कलंडू नये असे जड बूड दिले. आजऱ्याला चिमणाबाईंच्या सोप्यात मी तीस वर्षे मानाने बसले. बाई पान खायच्या. डोळे मिटून एक पान चावले की ते कोणत्या मळ्यातले, हे सांगायच्या. पुढे दातांच्या डॉक्टरांनी पान बंद केले आणि माझी रवानगी काजूच्या पोत्यांमागे झाली. तिथे अकरा वर्षे गेली. मध्ये कुणीतरी माझ्यात प्लॅस्टिकचे गुलाब खोचले होते. मी ते एकेक करून उंदरांना दिले. मी फुलदाणी नाही.

बाईंचा भाचा धैर्यशील याचे शाहूपुरीत वाइनचे दुकान आहे. बाई त्याच्याकडे राहायला आल्या, तेव्हा काजूच्या पोत्यांबरोबर मीही आले. गेल्या रविवारी दुपारी तिथे पियेर नावाचा फ्रेंच पाहुणा येणार होता. स्वतःच्या दोन एकरांतल्या द्राक्षांची वाइन तो स्वतःच करतो. त्याच्या आठ बाटल्या चाखायच्या आणि त्यातली एक दुकानासाठी मागवायची, असे ठरले होते. चव घेऊन थुंकायला काहीतरी ठेवा, असे त्याने आधीच कळवले होते. धैर्यशील बादली आणायला निघाला.

"बादली कशाला? पिकदाणी हाय की," बाई म्हणाल्या.

"आत्या, ती उद्या मोडीत घालून मी तांब्याचा जग आणणार हाय."

"आज कामाला आली न्हाय, तर खुशाल घाल."

असा माझ्या जिवाचा निकाल एका दुपारवर टांगला गेला. मला चिंच लावून घासले आणि टेबलावर मधोमध ठेवले.

पियेरने पेला फिरवला, घोट तोंडात खेळवला आणि तीन फुटांवरून बारीक धार सोडली. एक थेंब बाहेर पडला नाही. अकरा वर्षांनी कुणीतरी मला ओळखले.

चव घ्यायला जमलेली धैर्यशीलची मित्रमंडळी मात्र एकमेकांकडे बघू लागली.

"पावणं, घरचं हाय आन् थुकताय?" कृष्णात म्हणाला. हा धैर्यशीलचा मित्र, ऊस बागायतदार. "आमाला न्हाय जमायचं. पावण्यानं आणल्यालं त्येच्यासमोर थुकायचं म्हंजे त्येच्या तोंडावर थुकल्यागत हाय."

सगळ्यांना ते पटले. धैर्यशीलसकट दहा जणांनी पाहुण्याचा मान राखत आठही बाटल्यांतला घोट न् घोट गिळला, तळाशी थोडी उरली तेवढीच. पाचवीपासून कृष्णात पियेरला दाजी म्हणू लागला. "नखात माती हाय बघा दाजींच्या. आपल्यातलाच माणूस."

शेवटी पियेरने विचारले, आणि धैर्यशीलच्या बायकोने, फ्रेंच शिकलेल्या पूर्णिमाने, त्याचे मराठी केले. "कुठली आवडली?"

"सगळीच," कृष्णात म्हणाला.

"आणि कुठली नाही आवडली?"

"तशी कुठलीच न्हाय की."

पियेरचा चेहरा उतरला. बिचारा एवढा समुद्र ओलांडून खरे ऐकायला आला होता. कुठली मागवायची, ते धैर्यशीललाही आता आठवेना. त्याने माझ्यात डोकावून पाहिले. तळाशी एकट्या पियेरचे थुंकलेले. "बघ आत्या, हिचा काय उपेग झाला न्हाय."

"थांब जरा," बाई खुर्चीतून उठल्या. "गिळायची न्हाय, नुस्ती चव बघायची, आसं हाय न्हवं? पोटात गेली न्हाय म्हंजे म्या पिली न्हाय. वत."

ज्या बाईंनी उभ्या जन्मात दारूच्या बाटलीला हात लावला नव्हता, त्यांनी आठही बाटल्या चाखल्या आणि आठही वेळा माझ्यात अचूक धार धरली. पियेरचे अंतर तीन फूट होते. बाईंचे चार.

"तिसरी मागीव. जांभळावानी हाय, आन् मागनं चुन्यागत चटका देती. पाचवी नगं. पावसानं खाल्लीया."

पूर्णिमाने भाषांतर केले तसा पियेर खाली बसला. पाचव्या बाटलीच्या साली ऐन तोडणीत पंधरा दिवस पाऊस झाला होता. हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. यांना कसे कळले?

"पानमळ्याला पाऊस लागला की पान आसंच लागतंय," बाई म्हणाल्या.

पियेरने वाकून त्यांचा हात कपाळाला लावला. धैर्यशीलने तिसरी मागवली. मोडीचे नाव त्याने काढले नाही, मीही काढले नाही. आता मी काउंटरवर बसते. जुने झाले की गुलाब खोचून कोपऱ्यात ठेवायचे, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या बाईंना आणि मला येऊन भेटावे. पाणी पाजू, म्हणजे चूळ भरायला.

त्या दिवशी बाईंचे बघून कृष्णातलाही हुरूप आला. त्यानेही एक धार सोडली. ती पियेरच्या बुटावर पडली.

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. मान नको, हार नको. थुंकताना तेवढे जवळ या.