कॅमेऱ्यामागचा आवाज

नवऱ्याच्या सिनेमाचं संकलन बायकोनं करणं म्हणजे विकतचं दुखणं, असं स्टुडिओत सगळे म्हणत. विनीनं ते अठरा वर्षं आनंदानं विकत घेतलं होतं. क्लेटननं दिग्दर्शन करायचं, तिनं कापायचं आणि जोडायचं. भांडणं झालीच तर ती कुठे कापायचं यावरून.

यंदा नायिका होती लेनोर ॲशबी. लग्नाआधी क्लेटन तिच्यासाठी वेडा झाला होता, हे हॉलीवूडच्या माळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. ती नाटकासाठी न्यूयॉर्कच्या गाडीत बसली आणि हा फलाटावरच राहिला. आता चाळिशी उलटल्यावर बाई परतल्या, आणि त्याही कसल्या भूमिकेत? स्टेशनवर जुन्या प्रियकराला भेटणाऱ्या मार्था नावाच्या बाईच्या! पहिल्या दिवसापासून विनीच्या पोटात निखारे होते, पण तोंडावर हसू होतं.

त्या स्टेशनच्या प्रसंगातले लेनोरच्या नुसत्या चेहऱ्याचे दोन टेक संकलनाला आले. तिच्या चेहऱ्याचं असं वेगळं चित्रीकरण होईपर्यंत नायक महाशय घरी पोचलेले असत. मग त्यांची वाक्यं कॅमेऱ्यामागून दुसरं कुणीतरी वाचायचं, बहुतेक वेळा स्क्रिप्ट सांभाळणारी मुलगी. तो आवाज पुढे काढूनच टाकतात, त्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

विनीनं दुसरा टेक यंत्रावर चढवला आणि तिचा हात थांबला. वाचत होता क्लेटन.

कागदावर नायकाचं वाक्य होतं, "मी सुखी आहे, मार्था." क्लेटन म्हणाला, "मी त्या गाडीत चढायला हवं होतं."

माइकला लाजलज्जा नसते, हे इतक्या वर्षांचा दिग्दर्शक विसरला होता. आणि लेनोर! नुसती बघत राहिली, विशीतल्या पोरीसारखी.

विनीनं तो टेक पुन्हा पुन्हा लावला. जळून नुसती खाक झाली. मेली अभिनय करतेय म्हणावं, तर अभिनय पहिल्या टेकमध्ये होता, आणि तो अगदीच मिळमिळीत होता. असा दुसरा टेक संकलकाला जन्मात एकदाच मिळतो, हेही तिला कळत होतं.

तिनं पहिला टेक जोडला.

निर्माता गोरमन सिनेमा बघायला बसला आणि त्या प्रसंगाला उखडला. "ही बाई प्रियकराला भेटतेय की हमालाला? दुसरा टेक नाही का?"

विनी तोंड उघडणार तोच क्लेटन म्हणाला, "आहे, पण वाया गेला. चेहरा धूसर आलाय."

धूसर! त्या टेकमध्ये लेनोरची पापणी न् पापणी दिसत होती.

गोरमन गेल्यावर विनीनं विचारलं, "खोटं का बोललास?"

"तुझ्यासाठी. तू ऐकलं असशील म्हणून..."

"माझ्यासाठी? तुझा आवाज तर मी कापणारच होते. मागे उरला असता नुसता तिचा चेहरा."

क्लेटननं मान खाली घातली. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याला बायकोचं मन जपायचं नव्हतं, ती नजर जपायची होती. सिनेमा पडला तरी बेहत्तर, पण ती दुसऱ्या कुणी बघायची नाही.

"एकट्यानं पुरून ठेवणार होतास काय रे?" ती म्हणाली. "आता पन्नास सेंटचं तिकीट काढून कुणीही बघेल. पॉपकॉर्न खात बघेल!"

"विनी, नको ना. एवढं एकच ऐक माझं."

अठरा वर्षांत त्यानं तिच्याकडे इतक्या कळवळून काही मागितलं नव्हतं. मागितलं असतं, तर तिनं जीवही काढून दिला असता.

तिनं गोरमनला फोन लावला.

"साहेब, तो दुसरा टेक मी पाहिलाय. चेहरा अगदी स्पष्ट आलाय."