फ्लेक्सवरची बाई

शाळेत खिचडी शिजवणारी पूनम पातेल्यातच पडायची, पण पुष्पांजलीने तिला वेळेवर धरलं. उंद्रीच्या शाळेत मधली सुट्टी व्हायला थोडा वेळ होता. शाळेची कारकून असलेली पुष्पांजली त्या दिवशीची पटसंख्या सांगायला स्वयंपाकाच्या शेडमध्ये आली होती, म्हणून निभावलं. तिने चुलीखालची लाकडं ओढली, पूनमला भिंतीशी टेकवून बसवलं आणि पदराने वारा घालू लागली. तेवढ्यात तिची नजर पूनमच्या पायाकडे गेली. अंगठ्याशेजारच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, चिंधी ओली होती आणि तिला वास येत होता.

मागच्या महिन्यात पायावर उकळतं पाणी सांडलं होतं, पूनम म्हणाली. जखम भरतच नव्हती. पूनमला साखरेचं दुखणं आहे हे पुष्पांजलीला माहीत होतं. गोळ्या चालू आहेत ना, असं तिने विचारलं.

"बंद केल्या न मॅडम. आता पावडर घेऊन राह्यली न मी. दोन्ही टाइम, जेवणाच्या जागी." पूनमने जरा नवलानेच तिच्याकडे पाहिलं. "तुमचीच पावडर. दीपकभाऊकडची."

"माझी?"

"तुमचा फोटो पाहूनच तं घेतली. चिखलीले केवढा मोठा लावेल हाये. आधीचा न आताचा. मी म्हटलं, मॅडम आपल्या डोळ्यादेखत वाळल्या, खोटं कायले असंन?"

एका सरांच्या गाडीवर पूनमला सरकारी दवाखान्यात पाठवून पुष्पांजलीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चिखलीची बस पकडली.

दीपक म्हणजे तिचा धाकटा दीर. आधी मोबाइलचं दुकान, मग विम्याची एजन्सी, मग आणखी काही, असं करत करत त्याने वर्षभरापूर्वी चिखलीच्या बाजारात वजन कमी करायच्या पावडरीचं सेंटर टाकलं होतं. ती तिकडे कधी फिरकली नव्हती. गेली असती तर दिसलंच असतं, कारण दुकानाच्या वर, गच्चीच्या कठड्याला, ती स्वतःच टांगलेली होती.

डावीकडे दीपकच्या लग्नातला फोटो होता. हिरवा शालू नेसून ती खुर्चीत मावेनाशी बसलेली, तोंडात घास, गाल फुगलेला. त्या दिवशी तिची मुलगी मांडीवर होती. फोटोतून मुलीला कापून टाकलं होतं, फक्त तिचा इवलासा हात पुष्पांजलीच्या खांद्यावर राहिला होता. उजवीकडे यंदाच्या हळदीकुंकवाचा फोटो. खाली तिचं नाव, गावाचं नाव, आणि लाल ठळक अक्षरांत लिहिलेलं: ना ऑपरेशन, ना औषध, फक्त आमचा शेक. शेक म्हणजे पाण्यात कालवून प्यायची तीच पावडर.

लोक येत जात होते. एक बाई थांबून वर बघत होती. पुष्पांजली तिच्या बाजूलाच उभी होती, पण त्या बाईने तिला ओळखलं नाही.

ऑपरेशन तर झालं होतं. आठ-नऊ वर्षं झाली असतील. त्या काळी तिला आडवं झोपता येत नव्हतं. झोपली की श्वास कोंडायचा, म्हणून ती रात्र रात्र उशांना टेकून बसून काढायची. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. एकदा भर बसमध्ये कंडक्टरने तिला दोन तिकिटं घ्यायला सांगितलं होतं आणि अख्खी बस हसली होती, तिच्या शाळेतली पोरंसुद्धा. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की जठर छोटं करून आतडं पुढे जोडायचं. वजन उतरेल, साखरही बहुधा उतरेल, पण पुढची सगळी जिंदगी पथ्याने जगावी लागेल. तिने स्वतः निर्णय घेतला होता. नवरा, गणेश, सोबत राहिला. पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत सासूने, शालूबाईंनी, गावाला काय सांगायचं ते ठरवून टाकलं होतं. पित्ताशयातले खडे काढले, असं सांगायचं. मग ती उतरू लागली तेव्हा, पहाटे फिरते, भात सोडला, असं सांगायचं. तिला कोणी काही विचारलं की ती तोंड उघडण्याआधीच घरातलं कोणीतरी उत्तर देऊन मोकळं होई.

ऑपरेशनचा तिला कधीच पस्तावा झाला नाही. पहिल्यांदा उताणी झोपली आणि सकाळपर्यंत झोपूनच राहिली, त्या दिवशी ती रडली होती. पण टाके निघाले म्हणजे ते ऑपरेशन संपलं असं नव्हतं. ते रोज होतं. वाटीभर जेवायचं, तेही घास चावून चावून पाणी होईपर्यंत. जेवताना पाणी प्यायचं नाही. चुकून गोडाचा मोठा घास पोटात गेला तर दरदरून घाम फुटे, छाती धडधडे आणि असेल तिथे आडवं व्हावं लागे. गोळ्या जन्मभराच्या, इंजेक्शनं जन्मभराची. केस मुठीमुठीने गेले. ब्लाउजखाली, दंडाखाली कातडी लोंबत राहिली. मध्ये एकदा रक्त इतकं कमी झालं की सलाईनमधून लोह चढवावं लागलं. शिवाय वजन पुन्हा हळूहळू चढायला बघतच होतं; त्याच्यावर पहारा ठेवावा लागे.

आणि पंगती. जाड होती तेव्हा ज्या बायका तिच्या पानातल्या पोळ्या मोजायच्या, त्याच आता आग्रह करकरून ताटात पुरणपोळी टाकत आणि तिने बाजूला सारली की म्हणत, मॅडमले आपलं अन्न गोड लागत नाही. खाते म्हणून बोललेच होते, आता खात नाही म्हणून बोलत होते. तिच्या पोटाचा निवाडा करायचा हक्क गावात प्रत्येकाला होता, तिला सोडून.

संध्याकाळी दीपक घरी येईपर्यंत ती अंगणातल्या बाजेवर बसून राहिली. तो आला, गाडी लावली, हसला. त्याला पूनमच्या पायाचं सांगून तिने एवढंच विचारलं, की ते 'ना ऑपरेशन' कोणाला विचारून लिहिलं.

"वहिनी, तुमच्याकडं पाहून लोकाईले हिंमत येते," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, हे आणखी वाईट होतं. पावडरीने माणसं बरी होतात असं त्याला खरंच वाटत असावं. पूनमने गुपचूप भात खाल्ला असेल, शेक नियमाने घेतला नसेल, असं त्याचं म्हणणं पडलं.

"तिच्या गोळ्या बंद कर म्हणून कोणं सांगतलं?"

"मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, साखर हळूहळू आपोआप जाते. तुमची गेलीच न."

तिने गणेशकडे पाहिलं. तो बैलांच्या दाव्याशी उगाच खटपट करत होता. "फोटोच तं हाये," तो मान न वळवता म्हणाला. "त्यात तुवं काय गेलं?"

शालूबाई उंबऱ्यात बसून वाती वळत होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "पोरगी मोठी होऊन राह्यली. उद्या तिचं जमवा लागंन. तिच्या मायचं पोट कापेल हाये, हे गावाले सांगत फिरशीन का?"

पुष्पांजलीला त्या क्षणी जे वाटलं त्याला राग हा शब्द अपुरा होता. कंडक्टरने अपमान केला तेव्हा ती मान खाली घालून उभी राहिली होती, कारण तेव्हा आपलंच काही चुकतं असं तिला वाटे. आता तसं वाटत नव्हतं. शरीर तिचं, दुखणं तिचं, रोजचा जाच तिचा. आणि त्याचं श्रेय मात्र एका पावडरीच्या डब्याला दिलं होतं, तेही तिचं नाव लिहून. आणि त्या नावावर विसंबलेल्या एका बाईचं बोट सडत होतं.

रविवारी चिखलीच्या एका मंगल कार्यालयात दीपकचा मेळावा होता. तुम्ही नुसत्या स्टेजवर बसा, बोलायची गरज नाही, असं तो आठवडाभर विनवत होता. ती येते म्हणाली. घरातल्या सगळ्यांना वाटलं, निवळली.

कार्यालय बायकांनी भरलं होतं. हातोहात गुलाबी शेकचे पेले फिरत होते. दीपक माइकवर छान बोलला. मग त्याने तिचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या आणि तिने नमस्कार करून बसावं म्हणून त्याने खुर्चीकडे हात केला. तिने तो माइक त्याच्या हातातून घेतला.

"मी पुष्पांजली. फोटोतली बाई मीच हावो," ती म्हणाली. "पण ही पावडर मी एक दिवसबी पिली नाही. माझं पोटाचं ऑपरेशन झालेलं हाये. जठर छोटं केलं. म्हणून मी वाळली."

माइकमधून खरखर आली आणि तो बंद पडला, की कोणी केला, कोण जाणे. तिला फरक पडला नाही. शाळेच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज तिने वर्षानुवर्षं कमावला होता. तिने सगळं सांगितलं. गोळ्या, इंजेक्शनं, केस, कातडी, घाम. ऑपरेशन करा असंही ती म्हणाली नाही आणि करू नका असंही म्हणाली नाही. ते ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारावं. पण साखरेची, ब्लडप्रेशरची गोळी कोणाच्या फोटोवर विसंबून सोडू नका, एकीने सोडली आणि ती बुलढाण्याला दवाखान्यात पडून आहे, हे तिने दोनदा सांगितलं. पूनमचं नाव घेतलं नाही.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने हातातला पेला खुर्चीखाली ठेवला. काही बायका उठल्या. मागून कोणीतरी सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालं, "कापून बारीक होणं काय, कोणालेबी जमते."

जायला निघालेली पुष्पांजली थांबली. "माझ्यासंगं जेवायले या," ती त्या दिशेला बघून म्हणाली. "एक आठवडा. माझ्याएवढंच, माझ्यासारखंच. मंग सांगजा."

ती मधल्या वाटेने चालत बाहेर पडली. दारात गणेश उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो चपला शोधू लागला.

घरात तिच्याशी बोलणंचालणं बंद झालं. दीपक तिच्या समोरून जाईना. शालूबाई पोरीला जवळ घेऊन उसासे टाकत. शाळेत दोन बाया हळूच येऊन एखाद्या जखमेची खूण पाहावी तशा तिच्या पोटाकडे पाहून गेल्या. आठवड्याच्या आत फ्लेक्स उतरला आणि त्याच जागी दुसरा चढला. त्यावर दुसरीच बाई होती, आधीची आणि आताची. कोणी म्हणे इंटरनेटवरून उचललेली. सेंटर चालू राहिलं. पेले पूर्वीसारखेच भरत राहिले.

पूनमचं बोट काढावं लागलं.

पुष्पांजली बुलढाण्याला तिला भेटायला गेली तेव्हा एक नर्स पट्टी बदलता बदलता पूनमला रागे भरत होती, की गोळ्या सोडायचा अडाणीपणा कशाला केला. पूनम ओशाळून हसत होती.

"तिला जसं सांगितलं तसं तिने केलं," पुष्पांजली म्हणाली. "रागवायचंच असलं तर सांगणाऱ्याला रागवा."

नर्सने पट्टीची गाठ मारली. पूनम खिडकीकडे पाहत म्हणाली, की खिचडी कोण शिजवून राह्यलं, पोरं जेवतात का. पुष्पांजलीने सांगितलं, तुझी जागा तुझीच आहे, मी मुख्याध्यापकांशी बोलले. निघताना पूनमने तिचा हात धरला आणि जरा वेळ सोडलाच नाही.

दुपारी ती बुलढाण्याच्या बसस्टँडवर आली. जेवायची वेळ टळून चालली होती आणि हात थरथरायला लागले होते. ती बाकावर बसली, पिशवीतून डबा काढला आणि वरणात कुस्करलेल्या भाकरीचा पहिला घास घेतला. बाजूला एक खेड्यातली बाई होती. तिच्या नातवाचं बारसं झालं होतं. तिने पिशवीतून बुंदीचा लाडू काढून पुढे केला.

"घे वं माय, पोराच्या नावाचा हाये."

"मले गोड चालत नाही," पुष्पांजली म्हणाली. "पोटाचं ऑपरेशन झालेलं हाये."

"असं का," बाई म्हणाली. तिने लाडू परत ठेवला, आपली पिशवी मांडीवर घेतली आणि पुष्पांजलीला ऐसपैस बसता यावं म्हणून थोडी सरकली.

तिला जायची ती चिखलीची गाडी लागली. माणसं धावली, कंडक्टरने दोनदा पुकारा केला. पुष्पांजलीने एकदा मान वर करून गाडीकडे पाहिलं. तोंडातला घास अजून चावून व्हायचा होता. गाडी हलली, फाटकातून वळून दिसेनाशी झाली. तिने घास गिळला, थोडं थांबली आणि दुसरा घास घेतला.