वजनाला बसलेली माणसं

लुईझाच्या नव्या घराचा पाया उद्या भरायचा होता. काँक्रीटची गाडी पाचूबंदरच्या गल्लीत शिरायला एकदाची कबूल झाली होती. परतवली तर पुन्हा कधी मिळेल, हे कोणी सांगत नव्हतं. अडलं होतं ते इंजिनियर मेघना मॅडमच्या सहीपाशी. खाली वाळूची जमीन. ती घराचं ओझं पेलेल का, हे दाबून बघितल्याशिवाय मॅडम सही करणार नव्हती.

खड्ड्याच्या तळाशी लोखंडी पाट, त्यावर जॅक, आणि जॅकच्या डोक्यावर, खड्ड्याच्या दोन्ही काठांना टेकलेला, वाळूच्या गोण्यांनी लादलेला माचा. जॅक वर माच्याला रेटणार आणि खाली पाट जमिनीत दाबणार. म्हणून माचा चांगला जड हवा. पण काल शेजारच्या लग्नाचा मांडव उडायला लागला, तेव्हा लुईझाच्या नवऱ्याने, अँथनीने, उदार होऊन बऱ्याच गोण्या तिकडे देऊन टाकल्या होत्या.

"मग मानसं बसवू," अँथनी म्हणाला. "गोनीपेक्षा मानूस काय हलका असतो?"

मेघनाने माच्याचे टेकू हलवून पाहिले. "चालेल. पण कुणी हलायचं नाही. आणि वजनं मला नक्की हवीत."

लग्नघरातून आठ जण आले. पुढे प्रिसिला. "माझं बासष्ट."

"सांगून नाही चालणार, काकी. मोजावं लागेल."

"लुईझाचा मासळीचा काटा हाय ना!" अँथनी म्हणाला, आणि लुईझाने डोळे वटारायच्या आत काटा घेऊन आलासुद्धा.

तो काटा थोडा पुढे धावायचा. दुरुस्तीवाल्याला लुईझानेच तसं सांगितलं होतं. गिऱ्हाईक घासाघीस करतं, बर्फ वितळतो, मासळीतलं पाणी गळतं. कुठेतरी भरून काढायला नको? फक्त आजवर गिऱ्हाईक स्वतः त्यावर उभं राहिलं नव्हतं.

प्रिसिला चढली. अडुसष्ट.

"काटा बिघडला काय गो तुझा?"

"काटा बरोबर हाय. लग्नाचं जेवन कोन जेवलं, मी?"

त्या आठांतल्या फेबियनने पोट आत ओढून दोनदा मोजून पाहिलं; तेवढंच भरलं. आठही जण खट्टू होऊन माच्यावर बसले. मेघनाने बेरीज केली. "पुरेल."

जॅक चढत गेला. शेवटी शेवटी जमीन दबायच्या ऐवजी माचाच बोटभर उचलला गेला आणि आठही जण एका सुरात किंचाळले.

"थांबा," मेघना म्हणाली. "एका माणसाएवढं वजन कमी आहे."

"जॅक बिघडला असंल," लुईझा म्हणाली.

"कालच तपासून आणलाय."

मेघनाने काट्याकडे पाहिलं. मग माच्यावरच्या आठांनी काट्याकडे पाहिलं. मग लुईझाकडे.

"मी बोंबील तुझ्याकडूनच घेते गो," प्रिसिला हळूच म्हणाली.

लुईझाच्या डोळ्यांपुढे गल्लीतून उलटी जाणारी गाडी आली. "अँथनी, आजच्या मासळीच्या दोन पेट्या आन. आन गप ऱ्हा."

पेट्या माच्यावर चढल्या. "किती किलो?" मेघनाने सवयीने विचारलं, आणि अँथनीने काट्याला हात घातला.

"त्यावर नको!" आठही जण ओरडले.

मग लुईझा स्वतःच पेट्यांवर जाऊन बसली. या वेळी माचा हलला नाही. जमीनही हवी तेवढी टिकली. मेघनाने सही केली.

खाली उतरताना प्रत्येकाने पेटीत हात घातला. लुईझा समुद्राकडे पाहत राहिली. प्रिसिलाने दोन मोठी पापलेटं उचलली, चार पावलं गेली आणि वळली.

"म्हणजे मी बासष्टच ना, मॅडम?"

"साधारण तेवढंच."

प्रिसिला इतकी खूश झाली की तिने एक पापलेट परत पेटीत टाकलं.