उदाहरणादाखल बायको

आमचे हे चर्चचे पाळक. उपदेश असा रंगवतात की लहान मुलंसुद्धा चुळबुळ विसरतात. पण सगळा रंग माझ्या जिवावर! माझ्या हातून दूध उतू गेलं की मंडळीला जागृत राहायचा धडा, माझं बहिणीशी वाजलं की क्षमेचा. "परवा आमच्या घरी काय झालं, सांगतो," असं हे म्हणाले की साऱ्या माना माझ्याकडे वळतात. मी पहिल्या बाकावर गोड हसते. हसते कसली, दातओठ खाते.

म्हणून छातीत गाठ हाताला लागली, तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. आजाराची भीती होतीच. पण रविवारी सगळ्यांसमोर मी 'विश्वासाची परीक्षा' होणार, याची जास्त होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गाठीचा तुकडा काढून तपासायला सोमवार दिला, आणि शनिवारी मला तोंड उघडावं लागलं. हे उपदेश लिहीत बसले होते. शास्त्रपाठ नेमका याईराच्या मुलीचा. मेलेली पोर प्रभू उठवतो तो. माझ्यासारखं आयतं उदाहरण दुसरं कुठलं मिळणार?

"सोमवारी माझ्याबरोबर चला," मी सगळं सांगून म्हटलं. "आणि यातलं अक्षर जरी उद्या व्यासपीठावर आलं, तर मी उठून चालती होईन."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे गावभर दवंडी."

यांनी कागद उचलले, आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. बसले असतील लिहायला, मी म्हटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

रविवारी मी मुद्दाम बाकाच्या कडेला बसले. यांनी शास्त्रपाठ वाचला आणि पवित्र शास्त्र मिटलं.

"प्रभूनं आधी रडणाऱ्यांना, बघ्यांना बाहेर काढलं," हे म्हणाले. "आत राहिले आईबाप आणि तीन शिष्य. पोर उठली, तर ताकीद दिली, हे कोणाला सांगू नका. मरणावर ज्याची सत्ता, तो एका घराचं दुःख असं झाकून ठेवतो. काही दारं प्रभूच लावतो, बंधुभगिनींनो. आपण बाहेर थांबायचं आणि प्रार्थना करायची."

एवढंच बोलून हे थांबले. माझ्याकडे एकदाही न बघता 'आमेन' म्हणून खाली उतरले. लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. मला मात्र रडू आवरेना. इतकं प्रेम यांनी माझ्यावर एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं, की मलाच कधी दिसलं नव्हतं, कोण जाणे.

दाराशी मंडळीतल्या मावशींनी यांना गाठलंच. "पाळकसाहेब, आज एवढ्यात आटोपलंत? घरी सगळं बरं ना?"

"हो," हे म्हणाले. तासभर बोलणारा माणूस, पण त्यापुढे शब्द नाही. नजर खाली.

"बरं नाहीये, मावशी," मीच म्हटलं. "उद्या माझी तपासणी आहे. मला भीती वाटतेय. माझ्यासाठी प्रार्थना करा."