एकदाच सांगितलं

चेनसॉ मशीन उसळून मागे आली, पण अजिनाथ ओरडला नाही. दमल्यासारखा तो नुसता खाली बसला. मग भीमराजला त्याची डावी मांडी दिसली.

कोल्हारजवळच्या वस्तीवर वादळानं कडुनिंब गोठ्यावर पडला होता. पत्र्याखाली जिवंत गाय होती, म्हणून मालक घाई करत होता. दोघं बारा वर्षं जोडीनं झाडं तोडत आलेले. भीमराज वयानं थोरला. चेन अडवणारी जाड अस्तराची पँट आणि हेल्मेट घातल्याशिवाय तो मशीनची दोरी ओढत नसे. अजिनाथची तसलीच पँट मोटरसायकलवर पडून होती. उन्हात नको वाटते, म्हणाला. भीमराजनं एकदा टोकलं. तेवढ्यात गाय हंबरली आणि भीमराज बुंध्याकडे वळला. फांद्यांच्या गर्दीत अजिनाथच्या पात्याचं टोक भलत्याच फांदीला लागलं.

भीमराजनं कमरेचा पट्टा जखमेच्या वर करकचून आवळला, टॉवेल दाबला. टेम्पोत दवाखान्यापर्यंत त्यानं हात काढला नाही.

"दादा, पाय हाय ना?"

"हाय. माझ्याकडं बघ."

जीव वाचला. पाय मात्र गुडघ्याच्या वर कापावा लागला. गाय संध्याकाळी दुसऱ्यांनी बाहेर काढली, मेलेली.

अजिनाथची बायको रेश्मा भीमराजला दवाखान्याच्या जिन्यात भेटली. रडत नव्हती. "तुमी घातली हुती ना पँट?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग त्यांना मशीन चालू कशी करू दिली?"

अजिनाथ घरी आला, तरी त्याच्या दारात जायचा धीर भीमराजला झाला नाही.

दिवाळीनंतर तो एका बांधावरची पाडलेली बाभूळ तोडत असताना रिक्षा थांबली. अजिनाथ कुबड्यांवर उतरला. भीमराजनं मशीन बंद केली.

"मी एकदाच सांगितलं," तो म्हणाला. "तुझ्या हातातनं मशीन काढून घ्यायला पायजे हुती."



"व्हय," अजिनाथ म्हणाला. "पायजे हुती."

मग कुबड्या बाभळीला टेकवून तो बुंध्यावर बसला. मशीन पुढ्यात घेतली, चेन निरखली, बोथट झालीय म्हणाला आणि कानस मागितली. भीमराजनं दिली. अजिनाथ चेनचा एकेक दात कानशीनं घासू लागला, प्रत्येकाला सारखेच हात. ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं. भीमराज थोडा सरकून उभा राहिला.