आधी कॅसलिंग, मग उंट

काकांनी तीस वर्षं बस चालवली, तीही ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेगाने. त्याचा सगळा वचपा ते बुद्धिबळाच्या पटावर काढायचे. दुसऱ्या-तिसऱ्या चालीत प्यादं द्यायचं आणि समोरच्या राजाच्या अंगावर धावून जायचं. "बचाव करत बसायला मी काय पहारेकरी आहे?" असं वर विचारायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा ध्यास घेतला. नुसत्या धडाक्याने भागत नाही, पांढऱ्याकडून आणि काळ्याकडून आपल्या स्वभावाला मानवतील अशा सुरुवाती पक्क्या हव्यात, हे एव्हाना त्यांना पटलं होतं. ते चाली निवडायचे आणि मी, त्यांची पुतणी, त्या फाइलमध्ये टाइप करायची. छापखान्यात मी मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावरच माझं पोट आहे. त्यामुळे काका डोळे मिटून ती फाइल पाठ करायचे.

शेवटच्या डावात चौदाव्या चालीला त्यांनी उंटाचा बळी दिला. मी मागेच उभी होते. कॅसलिंग, म्हणजे राजाला कोपऱ्याकडे हत्तीच्या आडोशाला नेणं, आधी व्हायला हवं होतं. त्यांचा राजा अजून मधोमध उघडा होता. समोरच्या वजिराने शह दिला आणि सहा चालींत खेळ आटोपला.

काका बक्षीस समारंभाला थांबले. मी घरी येऊन फाइल उघडली. दोन चाली उलटसुलट टाइप झाल्या होत्या. ते पान मी फोनवर मैत्रिणीशी गप्पा हाणत उरकलं होतं. काकांना सांगायचं सोडून मी ते गुपचूप दुरुस्त केलं.

काका आले ते बूट न काढताच स्क्रीनसमोर बसले.

"इथे तर बरोबर आहे. पण मला पान डोळ्यांसमोर दिसत होतं गं. त्यात आधी उंट होता."

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले. माझी जीभ झडली नाही.

त्यानंतर पट माळ्यावर गेला. गॅसशेजारी चिठ्ठी लागली: 'बंद केला का?' कुलूप लावल्यावर काका अर्ध्या जिन्यातून परत येऊन ते ओढून बघू लागले. मला स्वतःची शिसारी येत होती, तरी रोज मी उद्यावर ढकलत होते.

चौथ्या आठवड्यात त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाहेरच्या बाकावर त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला.

"तू भर. माझा आता भरवसा नाही."

'विसरायला केव्हापासून होतं?' असा प्रश्न होता.

"त्या डावाची तारीख घाल," काका म्हणाले.

माझ्याने लिहवेना. मी सगळं सांगून टाकलं, दुरुस्तीसकट. आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घातली.

"म्हणजे पानावर आधी उंटच होता?"

"हो."

"मी विसरलो नव्हतो?"

"नाही, काका."

त्यांनी दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. रडतायत की हसतायत, मला कळेना. बहुतेक दोन्ही. मग त्यांनी डोळे पुसले, फॉर्मची घडी करून खिशात टाकली आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"यापुढे माझ्या चाली मीच लिहीन," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.